कँडी करारातील पाचवे कलम : सिंहली समाजातील धर्म आणि राजसत्ता

दि. २ मार्च १८१५ रोजी ब्रिटिश गव्हर्नर रॉबर्ट ब्राउनरिग आणि कँडीचे सरदार यांच्यात झालेल्या करारात बारा कलमे होती. राजा श्रीविक्रम राजसिंह पदच्युत झाला आणि श्रीलंकेतील अखेरचे स्वतंत्र राज्य इंग्रजांकडे गेले. मात्र पाचव्या कलमाने बौद्ध धर्म, त्याचे विधी, भिक्षू आणि पूजास्थाने यांच्या रक्षणाची हमी सरदारांनी मिळवली. सिंहली समाजातील धर्म व राजकारण यांचा विचार बहुधा 'महावंस' या पाली ग्रंथापासून सुरू होतो. आधुनिक काळातील गुंता उलगडण्यास हे कलम अधिक उपयोगी पडते.

या अटीमागे जुनी राजनीती होती. बुद्धाचा दंतधातू ज्याच्या ताब्यात, तोच राज्याचा अधिकारी, अशी दृढ समजूत होती. १७३९ पासून कँडीच्या गादीवर दक्षिण भारतातून आलेले नायक्कर घराणे होते. तरीही त्यातील कीर्तिश्री राजसिंहाने १७५३ मध्ये सयामहून भिक्षू आणवून खंडित झालेली उपसंपदा परंपरा पुन्हा सुरू केली. त्याही आधी, १६२६ मध्ये, पोर्तुगीजांनी हाकललेल्या मुसलमानांना राजा सेनरत याने आपल्या राज्यात आश्रय दिला होता. धर्मरक्षक राजा आणि परधर्मीयांचा आश्रयदाता या दोन भूमिका एकाच सिंहासनावर नांदत होत्या. अर्थात सारे आलबेल नव्हते. १७६० मध्ये कीर्तिश्रीविरुद्ध झालेल्या कटात भिक्षूही सामील होते.

इंग्रजांनी ही जबाबदारी स्वीकारली खरी, पण मिशनरी मंडळींना ती खुपू लागली. ख्रिस्ती सरकारने बौद्ध देवस्थानांचा कारभार का पाहावा, हा त्यांचा सवाल होता. १८४० च्या दशकापासून सरकारने हळूहळू अंग काढून घेतले. विहारांच्या विस्तीर्ण जमिनी होत्या, पण त्यांच्या व्यवस्थेवर राजाचा धाक उरला नाही. धर्माचा पालक कोण, हा प्रश्न मोकळा सुटला.

त्याचे उत्तर गंपोल येथे न्यायालयात मागितले गेले. तेथील देवालयाची वाद्यमिरवणूक मशिदीवरून नेण्यास मनाई झाली, तेव्हा देवालयाच्या व्यवस्थापकांनी याच पाचव्या कलमाचा आधार घेतला. १९१४ मध्ये कँडीच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मे अखेरीस वैशाख पौर्णिमेच्या सुमारास कँडीत दंगल उसळली आणि ती अनेक प्रांतांत पसरली. मुसलमानांची दुकाने व मशिदी उद्ध्वस्त झाल्या. व्यापारातील स्पर्धा व युद्धकाळातील महागाई हीही कारणे होतीच. पुढे सरकारने लष्करी कायदा पुकारून सिंहली पुढाऱ्यांनाच तुरुंगात टाकले. त्यामुळे सिंहली राष्ट्रवादाच्या स्मृतीत दडपशाही ठळक राहिली, मूळ नुकसान सोसणारे मागे पडले.

स्वातंत्र्यानंतर हा वारसा मतपेटीपर्यंत पोहोचला. १९५६ हे बुद्ध जयंतीचे, २५०० वे वर्ष होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत भिक्षूंनी एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांचा हिरिरीने प्रचार केला. तमिळ नेत्यांशी १९५७ मध्ये केलेला समझोता त्यांना एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंच्या धरण्यापुढे रद्द करावा लागला. सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्षूनेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कटाचा सूत्रधार ठरलेला केलनिय विहाराचा प्रमुख १९५६ मध्ये त्यांचा खंदा प्रचारक होता.

१९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९७८ च्या घटनेतील नववे कलम बुद्धशासनाचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवते आणि त्याच वाक्यात इतर धर्मीयांच्या हक्कांची ग्वाहीही देते.