रस्ट : समांतर कामातील गफलत रोखणारी संगणकभाषा

एकाच वेळी अनेक कामे पार पाडणे, हे आजच्या संगणकाचे मोठे सामर्थ्य आहे. संगणकाच्या आज्ञावलीत दडून बसणाऱ्या सर्वात फसव्या चुकांचा उगमही तेथेच होतो. या चुका आज्ञावली चालू होण्याआधीच पकडता याव्यात, या हेतूने ‘रस्ट’ ही भाषा आकाराला आली. तिची पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. ती मुक्त स्रोत स्वरूपाची आहे. म्हणजे तिचा मूळ आराखडा कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो. त्यासाठी परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही. फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत आज या भाषेतील आज्ञावली काम करीत आहे.

एक खतावणी, दोन दिवाणजी

समांतर काम आणि त्यातील धोका समजून घेण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील मुरूमसारख्या बाजारपेठेच्या गावातील आडत दुकानाचे उदाहरण पुरेसे आहे. समजा, हंगामाची गर्दी आहे आणि दुकानात दोन दिवाणजी एकाच खतावणीवर काम करीत आहेत. एका शेतकऱ्याच्या खात्यावर ४० हजार रुपये जमा आहेत. पहिला दिवाणजी तुरीच्या पट्टीचे १२ हजार रुपये जमा करण्यासाठी ४० हजारांचा आकडा वाचतो. त्याच क्षणी दुसरा दिवाणजी पाच हजारांची उचल नावे टाकण्यासाठी तोच आकडा वाचतो. पहिला बेरीज करून ५२ हजार लिहितो. दुसरा आपल्या वजाबाकीप्रमाणे त्यावर ३५ हजार लिहितो. खरी शिल्लक ४७ हजार असायला हवी होती. दोघांचेही गणित अचूक असताना शेतकऱ्याचे १२ हजार रुपये वहीतून नाहीसे झाले.

संगणकातील या प्रकाराला ‘डेटा रेस’ म्हणतात. तेथे दिवाणजींच्या जागी ‘थ्रेड’, म्हणजे आज्ञावलीचे एकाच वेळी धावणारे स्वतंत्र प्रवाह असतात आणि खतावणीच्या जागी स्मृतीतील एखादी नोंद असते. ही चूक रोज दिसत नाही. दोन्ही प्रवाह नेमक्या त्याच क्षणी त्याच नोंदीवर आले तरच ती घडते. त्यामुळे चाचणीत हजार वेळा बिनचूक चाललेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात एखाद्या दिवशी अचानक दगा देते आणि पुन्हा तपासायला जावे तर चूक सापडत नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. प्रोसेसरचा वेग वाढविण्याला उष्णतेमुळे मर्यादा पडल्या. तेव्हा उत्पादकांनी एकाच चिपवर दोन, चार, आठ गाभे बसविण्याचा मार्ग धरला. आज साध्या मोबाइलमध्येही अनेक गाभे असतात. त्या सर्वांना कामाला लावायचे तर समांतर आज्ञावली लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

चुकीची किंमत

अशा चुकांनी माणसांचे प्राणही घेतले आहेत. कॅनडात तयार झालेल्या ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यातील काही रुग्ण दगावले. चालकाने पडद्यावरील नोंद फार झपाट्याने दुरुस्त केली, तर यंत्रातील समांतर चालणाऱ्या कामांचा मेळ बिघडतो, असे तपासात आढळले. आधीच्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे यांत्रिक अडथळे या यंत्रातून काढून टाकले होते आणि सगळी भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ बसली. वीजवाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. मात्र ओहायोतील नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आधीच निकामी झाल्याने कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ताच लागला नाही. त्या यंत्रणेतील समांतर प्रक्रियांची गफलत शोधून काढण्यास तंत्रज्ञांना कित्येक आठवडे लागले.

तांबेऱ्यावरून नाव

रस्टचा जनक ग्रेडन होअर हा मोझिला कंपनीतील कॅनेडियन संगणक अभियंता. २००६ मध्ये त्याने स्वतःच्या वेळेत या भाषेचे काम सुरू केले. व्हँकुव्हरमधील त्याच्या इमारतीची लिफ्ट तिच्यातील आज्ञावली कोलमडल्याने बंद पडली होती आणि त्याला २१ मजले जिने चढावे लागले, त्यातून या विचाराला चालना मिळाल्याचे सांगितले जाते.

‘रस्ट’ या शब्दाने लोखंडाचा गंज डोळ्यांपुढे येतो. भाषेचे नाव मात्र पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या एका गटावरून घेतले आहे. गहू, ज्वारी किंवा सोयाबीनच्या पानांवर दिसणारा तांबेरा तो हाच. ही बुरशी अत्यंत चिवट असून प्रतिकूल परिस्थितीतही टिकून राहते, म्हणून होअरने हे नाव निवडले. शेतकऱ्याला नकोसा असलेला तांबेरा संगणकाच्या जगात टिकाऊपणाचे प्रतीक ठरला!

मोझिलाने २००९ मध्ये या प्रकल्पाला पाठबळ दिले आणि २०१० मध्ये तो जाहीर केला. २०१३ मध्ये होअर नेतृत्वातून बाजूला झाला. जगभरातील सहकाऱ्यांनी भाषा पुढे नेली. २०२० मध्ये मोझिलाने मोठी नोकरकपात केली तेव्हा रस्टच्या भवितव्याविषयी चिंता निर्माण झाली होती. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘रस्ट फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस, गुगल, ह्युआवे, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे तिचे संस्थापक सदस्य होत.

मालकी आणि उसनवारी

रस्टचे नियम व्यवहारातील शहाणपणासारखेच आहेत. पहिला नियम मालकीचा. स्मृतीतील प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो. वस्तू दुसऱ्याच्या हवाली केली की पहिल्याचा तिच्यावर अधिकार उरत नाही. मालकाचे काम संपले की ती वस्तू आपोआप स्मृतीतून काढली जाते.

दुसरा नियम उसनवारीचा. मालक आपली वस्तू तात्पुरती वापरायला देऊ शकतो, पण दोनच प्रकारे. केवळ वाचण्यासाठी ती एकाच वेळी कितीही जणांना देता येते. बदल करण्यासाठी ती एका वेळी एकालाच देता येते आणि त्या अवधीत अन्य कोणालाही ती पाहता येत नाही. खतावणी सर्वांनी मिळून वाचावी. पण एक जण लिहीत असताना इतरांनी हात लावू नये, असा हा दंडक आहे.

हे नियम कंपायलर काटेकोरपणे तपासतो. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारा हा दुभाषा नियमभंग दिसताच भाषांतर करण्यास नकार देतो आणि चूक कोठे आहे हेही दाखवितो. एक सामाईक नोंद अनेक थ्रेडना खरोखरच बदलायची असेल, तर ती ‘म्युटेक्स’ नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते. इतर अनेक भाषांत कुलूप वेगळे आणि वस्तू वेगळी असते. कुलूप लावण्याचे विसरले तरी वस्तू हाती लागते. रस्टमध्ये कुलूप उघडल्याशिवाय आतील नोंदीपर्यंत पोहोचताच येत नाही.

स्मृतीची सुरक्षितता आणि समांतर कामाची सुरक्षितता हे आरंभी दोन वेगळे प्रश्न मानले जात होते. एकाच नियमावलीने दोन्ही सुटतात, हे भाषा घडविताना लक्षात आले. यातील बहुतेक तपासणी आधीच होत असल्याने आज्ञावली चालताना वेगावर फारसा बोजा पडत नाही.

पुण्याशी जुळणारा धागा

समांतर संगणनाचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक देण्याबाबत आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. अनेक लहान प्रोसेसरना एकत्र जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घेणे, ही त्याची रचना होती.

‘परम ८०००’मध्ये ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ हे प्रोसेसर वापरले होते. त्या प्रोसेसरसाठी इनमॉसने ‘ऑकम’ ही भाषा तयार केली होती. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ती आधारलेली होती. समांतर चालणाऱ्या दोन प्रक्रियांपैकी एक जी नोंद बदलते, ती दुसरीने वापरू नये, असा नियम ऑकममध्येही होता आणि तो कंपायलर तपासत असे. रस्टमागील विचाराची मुळे इतकी जुनी आहेत.

फायरफॉक्सपासून लिनक्सपर्यंत

रस्टची पहिली मोठी कसोटी फायरफॉक्समध्ये लागली. संकेतस्थळाची मांडणी आणि रंगरूप ठरविणारा भाग समांतर करण्याचे मोझिलाचे दोन प्रयत्न सी प्लस प्लस भाषेत फसले होते. रस्टमध्ये लिहिलेला नवा भाग नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘फायरफॉक्स ५७’सोबत कोट्यवधी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला.

दरवर्षी दुरुस्त केल्या जाणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीच्या गैरवापरातून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. अँड्रॉइडमध्ये अशा त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गुगलने जाहीर केले. नवी आज्ञावली रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्याचा हा परिणाम होता. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रायोगिक प्रवेश मिळाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो प्रयोग यशस्वी ठरल्याचे लिनक्सच्या व्यवस्थापकांनी मान्य केले.

मर्यादाही ठाऊक हव्यात

रस्टमुळे डेटा रेस टळते. पण सगळ्याच चुका टळत नाहीत. दोन थ्रेड एकमेकांचे कुलूप उघडण्याची वाट पाहत खोळंबून राहिले, तर रस्ट तो ‘डेडलॉक’ रोखू शकत नाही. हिशेबाचे सूत्रच चुकले असेल तर कंपायलर ते ओळखू शकत नाही. यंत्राच्या अगदी जवळचे काम करताना ‘अनसेफ’ हा शब्द लिहून तपासणीला काही अंशी बगल देता येते. तेथे सारी जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. लिनक्समधील रस्टच्या भागात अधिकृतपणे नोंदलेली पहिली सुरक्षा त्रुटी डिसेंबर २०२५ मध्ये समोर आली, ती अशाच ‘अनसेफ’ भागातील समांतर गफलतीची होती.

ही भाषा शिकण्यास कठीण मानली जाते. इतर भाषांत सहज चालून जाणारी रचना येथे कंपायलर वारंवार परत पाठवितो. मोठ्या आज्ञावलीच्या भाषांतराला वेळही अधिक लागतो.

सुरक्षित समांतर कामासाठी अन्य भाषाही आहेत. दूरध्वनी यंत्रणांसाठी एरिक्सन कंपनीत जन्मलेली आणि १९९८ मध्ये मुक्त झालेली ‘अर्लंग’ प्रत्येक प्रक्रियेची स्मृतीच वेगळी ठेवते. गुगलची २००९ मध्ये जाहीर झालेली ‘गो’ भाषा शिकण्यास सोपी आहे. मात्र डेटा रेस आधीच रोखण्याची हमी ती देत नाही.

शिकणाऱ्यांसाठी

रस्टचा कंपायलर, ‘कार्गो’ हे साहाय्यक साधन आणि अधिकृत पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत मिळते. ते विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर साध्या संगणकातही चालते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे आणि भाषेतील मूळ आज्ञाही इंग्रजीच आहेत. तथापि, जून २०२१ मध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून नोंदींना देवनागरी नावे देता येतात. मुरूमच्या एखाद्या विद्यार्थ्याने आडत दुकानाच्या हिशेबाची आज्ञावली लिहायला घेतली, तर ‘खतावणी’ आणि ‘शिल्लक’ हे शब्द त्याला जसेच्या तसे वापरता येतील. एकाच शिलकीत एकाच वेळी दोघांनी खाडाखोड करण्याची वाट त्याने चुकून मोकळी ठेवली, तर कंपायलर त्याला तेथेच थांबवील आणि शेतकऱ्याचे १२ हजार रुपये वहीत शाबूत राहतील.