बाबूराव पेंटर आणि कोल्हापुरातील मानवाकृतिप्रधान चित्रकला

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्रकलेचा इतिहास बहुधा पॅरिस शहर केंद्रस्थानी ठेवून लिहिला जातो, आणि त्या मांडणीत घनवाद व अमूर्तवाद यांच्या उदयाबरोबर माणसाची ओळखू येणारी आकृती चित्रातून मागे पडत गेली, असा क्रम गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात फ्रान्समध्येही हा क्रम सरळ रेषेतला नव्हता. तरुणपणी भडक, मुक्त रंगांच्या फॉव्ह पंथात अग्रभागी असलेला आंद्रे देरँ (१८८०–१९५४) पहिल्या महायुद्धानंतर जुन्या गुरूंच्या शिस्तीकडे, व्यक्तिचित्रांकडे आणि घडीव देहाकृतींकडे वळला, आणि १९१९ मध्ये त्याने एका रशियन नृत्यमंडळीसाठी रंगभूमीचे नेपथ्य व वेशभूषाही केली. देरँ ज्या वर्षी निवर्तला त्याच वर्षी, १६ जानेवारी १९५४ रोजी, कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांचे निधन झाले. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरीही ही तुलना उपयोगी आहे, कारण देरँच्या बाबतीत रंगभूमी ही प्रस्थापित चित्रकाराची जोडमोहीम होती, तर कोल्हापूरच्या चित्रकाराची शाळाच रंगभूमीवर भरली होती. बाबूरावांना चित्रपटाचे आद्य प्रवर्तक म्हणून मिळालेली कीर्ती इतकी मोठी ठरली की त्यांच्यातला चित्रकार तिच्याआड गेला. परंतु त्यांच्या कामाचा क्रम नीट लावून पाहिल्यास माणसाची आकृती आणि तिच्यावर पडणारा उजेड हाच त्यांच्या आयुष्यभराचा एकमेव विषय होता, असे दिसते.

या चित्रकलेची पार्श्वभूमी संस्थानी कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) गायन, कुस्ती आणि नाटक यांना दरबाराचा भक्कम आधार मिळाला. अल्लादियाखाँसारखे गवई येथे स्थायिक झाले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. चित्रकलेत या आश्रयाचे पहिले मोठे फळ म्हणजे आबालाल रहिमान. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून, तेथे पारितोषिके मिळवून ते कोल्हापुरास परतले आणि दरबारचे चित्रकार झाले. रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि कोटितीर्थाचा परिसर ही त्यांची आवडती स्थळे होती, आणि निसर्गचित्रांइतकाच मानवाकृतीच्या रेखाटनावरही त्यांचा हात बसलेला होता. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात बुडविली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. कोल्हापुरातच जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) मात्र मुंबईस गेले ते तेथेच राहिले, आणि जे. जे.च्या शिक्षणातून आलेली मानवाकृतीची पक्की जाण त्यांनी पुराणप्रसंग, पोस्टकार्डे आणि पुस्तकांतील चित्रे यांच्याद्वारे घरोघर पोहोचविली.

आबालाल आणि धुरंधर हे दोघेही कलाशाळेतून घडले होते. याउलट बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कारागिराच्या घरात झाला. मेस्त्री घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम आणि यंत्रदुरुस्ती ही कामे वेगवेगळी मानली जात नसत. हाताला जे वळण लागे ते लाकडापासून रंगापर्यंत सर्वत्र चाले. बाबूरावांचे शालेय शिक्षण अल्प होते आणि कलाशाळेत ते कधीच गेले नाहीत. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर, तर चुलतबंधू आनंदराव हे वयाने मोठे, चित्रकलेत पुढारलेले आणि यंत्रांचे वेड असलेले. त्यांच्याबरोबर काम करीतच बाबूराव शिकले. व्यवसायाचे नाव लोकांनी आडनावाच्या जागी रूढ केले आणि दोघेही मेस्त्रीऐवजी ‘पेंटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

दोघांची प्रसिद्धी झाली ती नाटकांच्या पडद्यांमुळे. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील संगीत नाटक मंडळ्यांत आणि पारशी-गुजराती रंगभूमीवर त्यांच्या पडद्यांना मोठी मागणी होती. त्या काळी नाटकाचे स्थळ बदलणे म्हणजे मागचा रंगविलेला पडदा बदलणे असे, आणि प्रत्येक सुसज्ज कंपनीजवळ रस्त्याचा, राजवाड्याचा, जंगलाचा असे ठरावीक पडदे असत. शिवाय नाटक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांसमोर राहणारा दर्शनी पडदा हा कंपनीच्या वैभवाचे प्रदर्शन समजला जाई. असा पडदा तयार करताना कापडाचे पट्टे जोडून शिवावे लागत, त्यावर सरस मिसळलेल्या पांढऱ्या रंगाचा लेप देऊन पृष्ठभाग बांधावा लागे, आणि मग भुकटीचे रंग सरसातच कालवून रुंद कुंचल्याने भरावे लागत. हे रंग ओले असताना गडद आणि वाळल्यावर फिके दिसतात, त्यामुळे वाळल्यानंतरची छटा आधीच मनात धरून काम करावे लागे. त्यात प्रेक्षक लांब बसलेला आणि प्रकाश बत्त्यांचा. म्हणून जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवून खोलीचा भास निर्माण करण्याचे शास्त्र, म्हणजे यथार्थदर्शन, आणि उजेड-सावलीच्या प्रमाणातून वस्तूला गोलाई देण्याची रीत, म्हणजे छायाप्रकाश, या दोन्हींवर हुकमत नसलेल्या माणसाचा पडदा रात्रीच्या उजेडात सपाट चादरीसारखा दिसे. कलाशाळेत वर्षानुवर्षे शिकविल्या जाणाऱ्या या गोष्टी बाबूराव रोजगाराच्या निमित्ताने, प्रचंड आकारात आणि ठरल्या मुदतीत शिकले.

याच काळात आणि पुढेही त्यांनी तैलचित्रे केली. जवसाच्या तेलासारख्या सावकाश वाळणाऱ्या माध्यमात रंग मिसळून केलेले चित्र ते तैलचित्र; त्यात रंग ओला असेतोवर दोन छटांमधली सीमा पुसट करता येते, आणि हीच सोय बाबूरावांनी आपल्या शैलीचा आधार केली. राजा रविवर्म्याच्या चित्रांनी आणि त्यांच्या छापील प्रतींनी देवदेवतांना व पौराणिक नायिकांना भरदार मानवी देह दिला होता, आणि त्या प्रभावापासून त्या पिढीतील कोणीही अलिप्त नव्हते. बाबूरावांची देवतांची चित्रे, व्यक्तिचित्रे आणि ‘जलवाहिनी’सारखी स्त्रीचित्रे याच परंपरेत मोडतात; परंतु रविवर्म्याच्या चित्रांत दागिने, जरी आणि वस्त्र यांना जो ठसठशीतपणा असतो त्याच्या जागी येथे पिवळसर-हिरवट छटेचा संयत रंगमेळ, विरघळणाऱ्या कडा आणि मंद प्रकाशात हळुवार उमटणारा देह दिसतो. भोवतीच्या अवकाशातून आकृती बाहेर कापून काढल्यासारखी न दिसता त्या अवकाशातच मिसळून राहते, हे त्यांच्या तैलचित्रांचे वैशिष्ट्य होय.

चित्रपटाकडे दोघे भाऊ वळले ते चित्रकला सोडून नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, त्यानंतर आनंदरावांनी स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. परंतु १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पुरे केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली, जिच्या भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिकेने मदत केली. कंपनीत बाबूरावांभोवती जमलेली माणसेही बहुतांशी रंगकामातलीच होती. दामले आणि एस. फत्तेलाल हे दोघेही मुळात पेंटरांच्या पडद्यांवर हात बसविलेले कलावंत. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या चित्रपटांच्या निर्मितीत चित्रकाराची पद्धत जागोजाग दिसते. चित्रीकरणापूर्वी बाबूराव पात्रांच्या वेशभूषेची, हालचालींची आणि दृश्यरचनेची रेखाटने करीत. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती, म्हणून तांबडे लुगडे पडद्यावर काळेच उमटे. रंगांचे करड्या छटांमध्ये होणारे हे रूपांतर डोळ्यांसमोर आणून कपडे आणि भिंती रंगविणे हे चित्रकाराचेच काम होते. सर्वांत अर्थपूर्ण बदल मात्र नेपथ्यात झाला. पडदे रंगवून नाव कमावलेल्या याच माणसाने चित्रपटात रंगविलेल्या पडद्याऐवजी भरीव, तिन्ही मिती असलेली, माणसे राहत असावीत अशी घरे आणि दालने उभी केली, कारण कॅमेऱ्याच्या भिंगासमोर पडद्यावरील खोटी खोली उघडी पडते हे पडदा रंगविणाऱ्यालाच सर्वांत चांगले ठाऊक होते. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, आणि त्यामुळे उजेड कोठून यावा व सावली कोठे पडावी हे सूर्यावर अवलंबून न राहता चित्रकाराच्या हाती आले.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) हा या दृष्टीचा परिपाक मानला जातो. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीत मजुरी करावी लागणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा असून तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधूक उजेडात उभी असलेली दरिद्री झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे हे त्यातील दृश्य चित्रपटाच्या जाणकारांनी पुढे अनेकदा उल्लेखिले आहे. मूकपटात विव्हळणे ऐकू येत नाही. ते केवळ आकृतीच्या ताणातून आणि भोवतालच्या काळोखातून प्रेक्षकाला कळावे लागते, आणि हे साधण्याची रीत बाबूरावांनी आपल्या तैलचित्रांतील पुसट कडांवर आधीच घासूनपुसून घेतली होती. विषयाच्या दृष्टीनेही येथे मोठे अंतर कापले गेले होते, कारण देवदेवतांना आणि राजांना दिला जाणारा आकृतीचा गौरव आता कुणब्याच्या देहाला मिळत होता.

चित्रपटाबरोबर आणखी एक जागा या चित्रकलेला मिळाली, ती म्हणजे रस्त्यावरची भिंत. आपल्या चित्रपटांची पोस्टरे बाबूराव स्वतः रंगवीत, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट पोस्टरांपैकी एक समजले जाते. दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी बाहेर पडून १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, तेव्हा हे वळण तेथेही गेले. कोल्हापूरचे जी. कांबळे (१९१८–२००२) हे पोस्टरांच्या याच जगात नावारूपाला आले, आणि त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारल्यामुळे कचेऱ्यांच्या भिंतींवर पोहोचले. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी बाबूरावांच्या १९३६ च्या बोलक्या ‘सावकारी पाश’मध्ये काम केले आणि रंगाची भुकटी कागदावर घासून छटा उतरविण्याच्या पावडर शेडिंग या तंत्रात निसर्गचित्रे केली, राजारामपुरीतील त्यांचे घर आज संग्रहालय आहे. स्वतः बाबूराव बोलपटांच्या काळात पुन्हा चित्र आणि शिल्प यांच्याकडे वळले, तरी ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) सारख्या चित्रपटासाठी ते दिग्दर्शक म्हणून परत आले.

या परंपरेचे मूल्यमापन आजवर अपुरे राहिले, याचे एक कारण तिच्या साधनांतच आहे. सरसाच्या रंगांचे पडदे गुंडाळले-उलगडले जाऊन झिजले आणि फाटले, नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिल्मवरील बहुतेक मूकपट नष्ट झाले, पोस्टरे पावसात विरली, आणि मागे उरली ती मोजकी तैलचित्रे व शिल्पे. केवळ उरलेल्या कॅनव्हासवरून हिशेब मांडल्यास बाबूराव रविवर्म्यानंतरच्या यथार्थवादी चित्रकारांपैकी एक, एवढेच दिसतात. कलाशाळा, प्रदर्शन आणि दालन या चौकटीत रचलेला चित्रकलेचा इतिहास त्यांच्या बाबतीत अपुरा पडतो, कारण त्यांचा प्रेक्षक नाटकाच्या तंबूत, चित्रपटगृहात आणि बाजाराच्या रस्त्यावर होता. पॅरिसमध्ये मानवाकृती चित्रात ठेवावी की टाकावी हा चित्रकारांचा आपापसातला वाद होता. कोल्हापुरात तो वाद उद्भवलाच नाही, कारण येथे चित्रकाराचे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही अशा प्रेक्षकावर अवलंबून होती, जो पैसे मोजून माणसाची गोष्ट पाहायला आला होता.