दहावीचा ग्रुप तर झाला, पुढे काय? माजी विद्यार्थी संघ म्हणजे काय आणि तो टिकतो कशाने

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात फेसबुक उघडलं की एक फोटो हमखास समोर येतो. शाळेच्या पायऱ्यांवर उभी असलेली चाळिशी-पन्नाशीतली मंडळी, पुरुषांच्या डोक्यावर एकसारखे फेटे, बायका ठरवून एका रंगाच्या साड्यांत, मधोमध खुर्चीवर शाल-श्रीफळ घेऊन बसलेले दोन-तीन निवृत्त गुरुजी आणि मागे बॅचचं वर्ष छापलेला फ्लेक्स. कदाचित अशा एखाद्या फोटोत तुम्हीही असाल.

त्यानंतरचा क्रमही ठरलेलाच असतो. पहिले पंधरा दिवस ग्रुपवर जुने फोटो आणि गुरुजींच्या नकला. मग सुप्रभात, मग वाढदिवसांचे केक, मग राजकारणाचे फॉरवर्ड. एका भांडणात दोघं ग्रुप सोडतात, बाकीचे म्यूट करतात आणि थेट पुढच्या मेळाव्याच्या वर्गणीच्या वेळी सगळे जागे होतात. यात वाईट काही नाही, जुने मित्र भेटले हीच मोठी गोष्ट आहे. पण शाळेशी नातं टिकवायचं असेल तर एवढ्यावर भागत नाही. त्याला काय लागतं, ते पाहू.

माजी विद्यार्थी नेमका कोण?

इंग्रजीतला ‘अलम्नस’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘पोसलेलं मूल’. शाळेला ‘अल्मा माटर’ म्हणतात, म्हणजे पोसणारी आई. या अर्थाने पाहिलं तर ज्याचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा चढलं तो माजी विद्यार्थी. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो रजिस्टर क्रमांक असतो, तो याच वहीतला.

आपल्याकडचे ग्रुप मात्र ‘दहावीची बॅच’ या नावाने बनतात आणि इथेच एक मोठी गळती होते. सातवीत शाळा सुटलेला, नववीत नापास होऊन मागे राहिलेला, वडिलांची बदली झाली म्हणून आठवीत गेलेली, लग्न ठरलं म्हणून दहावीची परीक्षाच न दिलेली, ही सगळी त्याच वर्गात बसलेली मुलं असतात, पण ‘बॅच’मध्ये मोजली जात नाहीत. काही जणांना ग्रुपमध्ये घेतलं तरी ते मेळाव्याला येत नाहीत. प्रत्येकाने उठून ‘सध्या मी काय करतो’ हे सांगायचं, हा कार्यक्रम त्यांना नको असतो. खरं सांगायचं तर तो बऱ्याच जणांना नको असतो. ओळख करून द्यायचीच असेल तर तुकडी, बाक आणि गाव विचारा. हुद्दा ज्याला सांगायचा तो सांगेलच, त्याला कोण अडवणार!

म्हणून बॅच दहावीच्या वर्षावर न मोजता पाचवीच्या प्रवेशावर मोजली तर यादी लांबते आणि खरी होते.

हरवलेली माणसं शोधायची कशी?

ऑर्कुटवर शाळांच्या नावाच्या कम्युनिटी असायच्या, तिथे अनेकांची पहिली पुनर्भेट झाली. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं आणि त्या कम्युनिटींमधला संपर्कही विस्कटला. तोवर बरेच जण फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आले होते. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये आता १,०२४ माणसं मावतात, म्हणजे जागेचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न माणूस सापडण्याचा आहे.

सर्वात अवघड शोध मुलींचा. हजेरीत त्यांचं नाव वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने असतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. फेसबुकवर माहेरचं नाव टाकून काही सापडत नाही, आणि मग ‘आमच्या बॅचच्या मुली येतच नाहीत’ असं म्हटलं जातं. अशा वेळी सोशल मीडियापेक्षा गाव जास्त कामाला येतं. तिचा भाऊ, शेजारचं घर, माहेरच्या गल्लीतलं दुकान. शिवाय हा शोध वर्गमैत्रिणींनीच घेतलेला बरा. पंचवीस वर्षांनी अनोळखी नंबरवरून एका पुरुषाचा ‘ओळखलंस का?’ असा मेसेज आला तर बहुतेक बायका तो नंबर ब्लॉक करतील, आणि त्यात त्यांचं काहीही चुकत नाही.

शाळेकडून नावं मिळू शकतात. त्यासाठी मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या आणि फक्त नावांची यादी मागा. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख आणि जातीचीही नोंद असते, त्यामुळे त्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं अजिबात योग्य नाही.

नाव सापडलं की लगेच ग्रुपमध्ये टाकू नका. आधी फोन करा. ‘मला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं’ हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९मध्ये दिली आहे, आणि ती वापरणाऱ्याला आमंत्रण पाठवावंच लागतं. त्याने ते स्वीकारलं नाही तर तो विषय तिथेच सोडा.

अभिमान कशाचा?

महाराष्ट्रात शाळेच्या नावाला वजन आहे. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १८८०मध्ये सुरू झालं, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक तिशीच्याही आतले होते. मुलींसाठीची हुजूरपागा शाळा १८८४ची. विलेपार्ल्याचं पार्ले टिळक विद्यालय १९२१चं, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर वर्षभराच्या आतलं. दादरच्या शारदाश्रमचं नाव निघालं की १९८८च्या हॅरिस शिल्ड स्पर्धेतली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अखंड भागीदारी आठवतेच. तो सामना पाहायला मैदानावर किती जण होते कोण जाणे, पण अभिमान शाळेत नंतर आलेल्या प्रत्येक मुलाला आहे.

तरी माझ्या मते माजी विद्यार्थी म्हणजे काय हे समजून घ्यायला रयत शिक्षण संस्थेकडे पाहावं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९मध्ये ती सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांचं पोट भरावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शिकलेली मुलं पुढे त्याच संस्थेच्या कामाला परत आली. त्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि रयतच्या कामातही राहिले. ‘पोसलेलं मूल’ हा लॅटिन शब्दाचा अर्थ इथे शब्दशः लागू पडतो.

तुमची शाळा इतकी नावाजलेली नसेल. कदाचित ती दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा असेल आणि तिच्याबद्दल इंटरनेटवर एक ओळही नसेल. अशा शाळेचा इतिहास माजी विद्यार्थ्यांनी लिहिला नाही तर तो कुणीच लिहिणार नाही. निवृत्त शिक्षकांशी तासभर बोलून ते मोबाइलवर रेकॉर्ड करणं आणि जुन्या गटफोटोखाली नावं लिहिणं ही कामं आत्ताच करायची आहेत. ती नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

शाळेला कमानीपेक्षा पट हवा असतो

मेळाव्यात जमलेल्या वर्गणीतून बहुतेक वेळा ठरावीक गोष्टी होतात: प्रवेशद्वाराची कमान, पाण्याचं फिल्टर, एखादा प्रोजेक्टर. त्यावर बॅचचं नाव रंगवता येतं. पण आज कित्येक मराठी शाळांची खरी अडचण पटसंख्येची आहे.

हे गणित समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. राज्याचे निकष अधूनमधून बदलतात, पण तत्त्व तेच: मुलं कमी झाली की शिक्षकाचं पद जातं. शिक्षक कमी झाला की एकाला दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात, ते पाहून पालक मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं, ठरतात. २०पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव २०२३मध्ये आला तेव्हा राज्यभर विरोध झाला होता, कारण त्यात हजारो लहान गावांच्या शाळा येत होत्या.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि मेळाव्यात तो कुणी विचारत नाही: फेटे बांधून शाळेचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं त्या शाळेत किंवा निदान तशा शाळेत आहेत? उत्तर बहुतेक वेळा शून्याच्या जवळचं असतं. बरेच जण गाव सोडून गेलेले असतात, हे खरं. पण गावातच राहिलेल्यांच्या दारातही पिवळी बस येऊन थांबते. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. पालक इंग्रजीच्या काळजीने जातात, शाळा लांब असली की जातात, वर्गाला शिक्षक नसला की जातात. यातल्या काही कारणांवर माजी विद्यार्थ्यांना खरंच काही करता येतं. लांबच्या वस्तीवरच्या मुलांसाठी रिक्षाचं भाडं, शनिवारी इंग्रजी बोलण्याचा तास, प्रवेशाच्या दिवसांत गुरुजींबरोबर घरोघर फिरणं. बाहेरून आलेल्या फ्लेक्सपेक्षा ‘मी याच शाळेत शिकलो’ असं सांगणारा गावातला नर्स, वायरमन किंवा बँकेतला माणूस पालकांना जास्त पटतो. मेळावा मे महिन्यात घ्यायचाच असेल तर निदान त्यातला एक तास जूनच्या प्रवेशांसाठी ठेवा.

हे सगळं मुख्याध्यापकांना आणि संस्थेला विचारूनच करायचं. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, माजी विद्यार्थ्यांसाठी त्यात वेगळी हक्काची जागा नाही. तुम्ही तिथे पाहुणे आहात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पैशांचा हिशेब

माजी विद्यार्थ्यांचे संघ सर्वात जास्त मोडतात ते पैशांवरून, आणि त्यातही लबाडीपेक्षा ढिसाळपणामुळे. एका मित्राच्या यूपीआयवर सगळी वर्गणी जमा होते, तोच मंडप, जेवण, ट्रॉफी यांचे पैसे देतो, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी ‘उरलेल्या पैशांचं काय झालं?’ विचारलं की त्याला तो अपमान वाटतो. एका मेळाव्यापुरतं दोघांच्या सह्यांचं संयुक्त खातं आणि आठवड्याच्या आत ग्रुपवर टाकलेला हिशेब एवढं पुरतं.

दरवर्षी काम करायचं असेल तर नोंदणी करावी. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६०खाली किमान सात जणांची संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०नुसार धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणूनही तिची नोंद होते. मग संघाच्या नावाने पॅन आणि बँक खातं निघतं. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून, जी आजवर ‘८०जी’ नावाने ओळखली गेली, आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते. ही सवलत २,०००पेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं सांभाळणारा एखादा हिशेबी वर्गमित्र नसेल तर नोंदणीच्या फंदात न पडलेलं बरं. महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघाबद्दल विचारलं जातं, शाळांवर तसं बंधन नाही.

परदेशातल्या मित्रांचे पैसे घेताना एक फरक महत्त्वाचा. अमेरिकेत किंवा दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. दोघं एकाच बाकावर बसत होते, हे कायद्याला माहीत नसतं.

पैशांचा व्यवहारच नको असेल तर केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ पोर्टल आहे. सप्टेंबर २०२१मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. सरकारी आणि अनुदानित शाळा तिथे आपली गरज नोंदवतात आणि माजी विद्यार्थ्यांसह कुणीही वस्तू किंवा वेळ देऊ शकतं.

ग्रुपवर जपून

शाळेच्या आठवणी फसवणूक करणाऱ्यांच्याही उपयोगाच्या असतात. ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव लिहा’, ‘आवडत्या बाईंचं नाव सांगा’ अशा पोस्टला हजारो लोक उत्तरं देतात, आणि हेच प्रश्न अनेक ठिकाणी पासवर्ड बदलताना विचारले जातात. दहावीचं वर्ष जाहीर केलं की वयाचा अंदाज येतोच. नाव, नंबर, जन्मतारीख, पत्ता असलेली बॅचची पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका, नाव आणि गाव पुरे. ग्रुपची लिंक फेसबुकवर उघड टाकू नका.

आणि एखाद्या मित्राच्या नंबरवरून ‘दवाखान्यात आहे, लगेच वीस हजार पाठव’ असा मेसेज आला तर पैसे पाठवण्याआधी त्याला फोन करा, त्याचा आवाज ऐका. तरीही शंका वाटली तर इतिहासाच्या सरांना वर्गात कुठल्या नावाने ओळखायचे, ते विचारा.