बुळकांडी आणि पुण्याची जंतुशास्त्रशाळा

पेण तालुक्यांतील डोलवी हा धरमतरच्या खाडीकांठचा गांव. आज तेथें पोलादाचा कारखाना आहे. परंतु एके काळीं तेथील भातशेतीचा सारा भार बैलरेड्यांवर असे. लावणीच्या तोंडावर गोठ्यांत बुळकांडी शिरली, कीं जनावर ज्वरानें व हगवणीनें थोड्याच दिवसांत दगावे आणि कुणब्याची वर्षाची बेगमी बुडे. म्हणून गुरांच्या रोगांचा इतिहास आम्ही राजकीय इतिहासाहून गौण समजत नाहीं.

इंग्रजी अमदानींत या रोगांची मोठी सरकारी चौकशी हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें केली. त्याचा अहवाल १८७१ सालचा आहे. पुढें प्रयोगशाळा निघाली. ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें निघाली, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाहीं. ती ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे मूळचे मनुष्यवैद्य. घोड्यांच्या ‘सर्रा’ रोगाचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० मध्यें रक्तांत शोधिला होता. त्या रोगाचा विस्तृत अभ्यास लिंगार्ड यांनीं केला. पुण्याची उष्ण हवा व दाट वस्ती घातक जंतूंच्या कामास अयोग्य ठरल्यामुळें १८९३ मध्यें ही शाळा सुमारें ७,५०० फूट उंचीवरील मुक्तेश्वरास नेण्यांत आली. तेथें १८९७ मध्यें रॉबर्ट कॉख येऊन गेले, आणि १८९९ पासून बुळकांडीवरील प्रतिबंधक रक्तजल तयार होऊं लागलें.

येथें एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. शाळा पुणें सोडून गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८९४ मध्यें, पुण्याच्या आनंदाश्रमानें पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ छापून प्रसिद्ध केला. लिंगार्ड रोगाचें कारण सूक्ष्मदर्शकानें रक्तांत शोधीत. पालकाप्य तें वातपित्तकफांत पाहतो. दोघांच्या निदानांत महदंतर आहे; तथापि लक्षणें न्याहाळून लिहून ठेवण्याची शिस्त उभयतांची एकच.

भारतांत बुळकांडीची शेवटची लागण १९९५ मध्यें झाली, आणि २०११ मध्यें ती साऱ्या पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. आतां तिची आठवण राहील ती मोडी दप्तरांत, वैद्यांच्या बाडांत आणि उपायांच्या सुट्या पानांत. आम्ही संग्राहक सनदा व महजर जिवापाड जपतों, आणि ‘गुरांचें औषध’ असा मथळा दिसतांच पान बाजूस सारतों. यापुढें तसें होऊं नये. त्या पानावरील रोगाचें नांव, लक्षणें, गांव व शक एवढें तरी टिपून ठेवावें. रोग गेला हें उत्तम झालें. त्याचा पुरावा मात्र जाऊं नये.