जकात मागणारा कृष्ण

गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाटेत आडवा येतो आणि दान मागतो. आमच्या खडी गंमत या लोकनाट्यातली गौळण इथूनच सुरू व्हायची. सौंसरकडच्या खेड्यात माझ्या आजीनं पाहिलेली मावशी मात्र थेट देवाशीच हुज्जत घाली : “सरकारचा जकातनाका वायला, अन् तुहा वायला? पावती तरी दे बाप्पा!” हे बोलणारा पुरुषच असे, लुगडं नेसलेला नाच्या. खडी गंमत सगळी पुरुषांची. डफ, ढोलकी, तुणतुणं घेऊन रातभर उभ्यानं चालणारी.

देवानंतर पाळी यायची देवाच्या नावावर जगणाऱ्यांची. मुहूर्त विकणारा, अंगात आल्याचं सांगून कोंबडं मागणारा, एकादशी पाळून व्याज वाढवणारा. मग बायकोला मारणारा दारुडा. ओट्यावरच्या बाया पदर तोंडाशी धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. घरात त्यांना जे बोलता येत नव्हतं, ते नाच्या चौकात, पाटलासमोर बोलायचा. सोळाव्या शतकात एकनाथांनीही भारुडात सुनेचा आवाज घेतला आणि तिला भवानीकडे सासू-सासऱ्यांपासून सुटका मागायला लावलं. त्यामुळे या थट्टेनं कुणाचा देव बाटला, असं आजीच्या पिढीला कधी वाटलं नाही.

लुगडं गावातूनच मागून आणत. आजी आपलं चांगलं काठाचं द्यायची. मुरदाडशिंग उगाळून तोंडाला, डोळ्यांत काजळ, कपाळावर मोठं कुंकू. गॅसबत्तीच्या उजेडात तो एकेक निरी बोटानं दाबून बसवी. इतकं चापूनचोपून आपल्यालाही नेसता येत नाही, असं बाया म्हणत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत-बडग्या या पुतळ्यांच्या मिरवणुकीत पुढाऱ्यांची टर उडते, तर पांढुर्ण्यात जाम नदीवर सावरगावशी गोटमार होते. नाच्याच्या वाट्याला दोन्ही आलं : रात्री हशा, सकाळी पोरांचे गोटे. सगळे नाचे सारखे नव्हते. बहुतेकांना बायकापोरं, वावर होतं. काहींना मात्र त्या वेशातच जिवाला बरं वाटायचं. बायांनी ते ओळखलं होतं आणि त्याची वाच्यता केली नाही.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं नोंदलेल्या हिजड्यानं बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं, नाचणं, वाजवणं गुन्हा ठरवलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. उत्तर हिंदुस्थानात तो राबवला गेला. आमच्याकडे ‘सोंग’ म्हणून नाच्याला मोकळीक राहिली. असं सोंग परदेशातही झालं : १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही समलिंगी पुरुष ख्रिस्ती जोगिणींच्या वेशात रस्त्यावर उतरले, धर्ममार्तंडांना हसले आणि पुढे एड्सच्या साथीत रोग्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याला जग चळवळ म्हणतं. मग गावोगाव बाईच्या वेशात अशीच थट्टा करणाऱ्या आमच्या नाच्यांच्या कामालाही मी चळवळच म्हणणार.

२००० मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात सोहागपूरहून शबनम मौसी निवडून आल्या, किन्नर समाजातल्या देशातल्या पहिल्या आमदार. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. नागपुरात अभिमान यात्रा निघू लागली. ती पाहून ‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवतो. नाच्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.