लंबदुभाजकाची गोष्ट

नववीत बाईंनी फळ्यावर काढलेला लंबदुभाजक आठवतो? रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवरून कंपासने चाप मारायचे, छेदबिंदू जोडायचे. त्या रेषेवरचा कोणताही बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर. आपण गुणांपुरते ते केले आणि विसरलो.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गर्दी दिसली. पुढच्या वर्षी छापलेल्या नकाशात त्यांनी आणखी एक रेघ घातली. हा पंप आणि आसपासचे इतर पंप जिथून सारखेच लांब, अशी ठिकाणे जोडणारी. आपलाच लंबदुभाजक, फक्त गल्लीबोळांतल्या वाटेने मोजलेला! रेघेच्या आत मृत्यू दाट, बाहेर विरळ. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला तोवर साथ ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोंनी नोंदवले आहे. तरी लोकांच्या लक्षात दांडाच राहिला. मला ती रेघ अधिक मोलाची वाटते.

१९०८ मध्ये व्होरोनॉय या गणितज्ञाने अशा विभागणीचा कितीही मितींसाठी अभ्यास मांडला आणि त्याच वर्षी तो वारला. १९११ मध्ये अमेरिकेतल्या थीसनने ती पावसाला लावली: प्रत्येक जागेचा पाऊस म्हणजे सर्वांत जवळच्या पर्जन्यमापकाचा पाऊस. १९७५ मध्ये शेमॉस आणि होई यांनी संगणकासाठी जलद रीत दिली. बिंदू दुप्पट केले तर काम दुपटीहून थोडेच जास्त वाढते. संगणकीय भूमिती हा विषय त्याच सुमारास उभा राहिला.

नोकरीत थीसनचे बहुभुज मी ट्रेसिंग पेपरवर हातानेच काढले. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तर रस्त्याने वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, हे ठाऊक असूनही एका खोऱ्यात माझ्या घाटमाथ्यावरच्या मापकाने पूर्वेकडची कोरडी गावे आपल्या बहुभुजात ओढली. कागदावर पाणी उदंड! साहेबांनी नकाशा पाहून एवढेच विचारले, "यात डोंगर कुठे आहे?" मी गप्प. समपर्जन्यरेषा काढून हिशेब पुन्हा केला, तेव्हा येवा बराच खाली आला आणि कालव्याची लांबीही कमी करावी लागली.