बाहेरचा वाचक

ग्रंथालयांचा इतिहास बहुधा इमारतींच्या आणि देणगीदारांच्या नावांनी सांगितला जातो. मला आज तो एका निराळ्या माणसाच्या बाजूने सांगावयाचा आहे. या माणसाचे नाव कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसते, की कोणत्याही संशोधनसंस्थेच्या पगारपत्रकावर नसते. तो पाळी सुटल्यावर येतो, चपला दाराशी काढतो आणि पंख्याखालची जागा रिकामी आहे का ते पाहतो. ग्रंथपालांच्या बोलण्यात तो 'बाहेरचा वाचक'. गेली तीस-पस्तीस वर्षे मी हाच वाचक आहे. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. कामगार कायदा, अर्थशास्त्र, कामापुरते इंग्रजी, जे काही आले ते वाचनालयाच्या बाकावर आले. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे शास्त्रीय नियतकालिक काढले. तेथपासून सव्वातीनशे वर्षे शोधनिबंधांचा व्यवहार साधारणपणे एकाच रीतीने चालला. ग्रंथालयाने वर्गणी भरावी, अंक टपालाने यावेत, वर्षअखेर ते बांधून खंड कपाटात लावावा. पैसे एकदा दिले की खंड ग्रंथालयाचा झाला. पुढे वर्गणी थकली तरी आधीचे खंड कोणी उचलून नेत नसे. दाराशी आलेल्या परक्या माणसाला तो खंड दाखवावा की नाही हे ग्रंथपालाच्या हाती होते, आणि ग्रंथपाल हा अखेर माणूस असल्यामुळे त्याला विनवता येत असे. मी पुष्कळ वेळा विनविले आहे. कधी नकारही मिळाला. पण नकार देणाऱ्याचे तोंड समोर दिसत होते.

यंत्राचा हात प्रथम पुस्तकाला लागला नाही, तो यादीला लागला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील कॅटलॉग-कार्डे इतर ग्रंथालयांना विकावयास सुरुवात केली होती. १९७१ साली ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी फ्रेड किलगूर यांच्या पुढाकाराने एकच सामाईक यादी संगणकावर चालू केली. एका ग्रंथालयाने नोंद करावी, बाकीच्यांनी ती वापरावी. त्याच संस्थेने आपले शेवटचे छापील कार्ड २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये काढले. या बदलाबद्दल माझी काही तक्रार नाही. लाकडी खणांतली कार्डे उलटण्यात मौज होती खरी, पण संध्याकाळच्या दीड तासात ती मौज परवडत नसे.

खरा फेर पडला तो १९९५ च्या सुमारास. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन हे तेव्हा मेलन फाउंडेशनचे प्रमुख होते. डेनिसन या लहान महाविद्यालयाचे ते विश्वस्तही होते आणि तेथे तक्रार ऐकावयास मिळाली ती जागेची. जुन्या नियतकालिकांचे खंड वाढत चालले, आता नवी इमारत बांधावी काय? बोवेन यांनी उलट विचार केला. खंडांच्या प्रतिमा एकदाच काढाव्यात, एका ठिकाणी ठेवाव्यात आणि सर्व महाविद्यालयांनी तारेवरून त्या पाहाव्यात. यातून 'जेस्टोर' ही संस्था निघाली. आरंभी तिच्यात इतिहास आणि अर्थशास्त्र या विषयांची अवघी दहा नियतकालिके होती. हेतू स्वच्छ होता आणि काम उत्तम झाले. परंतु मूळ प्रश्न कपाटाचा होता, वाचकाचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कपाटाची अडचण सुटली, आणि त्याबरोबर कपाटाची मालकीही सुटत गेली.

कारण मधल्या काळात नियतकालिके हा मोठा व्यापार झाला होता. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी युद्धानंतर वाढविलेली पर्गमॉन प्रेस १९९१ साली एल्सेव्हियरने ४४ कोटी पौंडांना विकत घेतली. या धंद्याची घडण कामगार चळवळीतल्या माणसाने एकदा नीट पाहावी. लेख लिहितो तो प्राध्यापक. प्रकाशक त्याला मोबदला देत नाही. लेख तपासतो तोही प्राध्यापक. त्यालाही बहुधा काही नाही. दोघांचा पगार विद्यापीठ देते, आणि छापून आलेला लेख तेच विद्यापीठ पुन्हा पैसे मोजून आणते. आमच्या गिरणीत मालकाने सूत कातून घ्यावे आणि मजुरीच्या दिवशी आम्हालाच कापडाचे बिल द्यावे, असा हा प्रकार! १९९६ पासून प्रकाशकांनी शेकडो नियतकालिकांचा एकच गठ्ठा करून वर्गणी घ्यावयास प्रारंभ केला. गठ्ठ्यात भरपूर मिळे, पण बहुतेक ठिकाणी खंड विकत मिळेनासा झाला. मिळू लागली ती वर्षाच्या कराराने पाहण्याची परवानगी. आणि तो करार ठरवितो की वाचक कोण.

याची प्रचीती मला २०१७ साली आली. कार्डिंग खात्यात बावीस वर्षे काढलेल्या एका बाईंचा दावा आमच्या युनियनकडे होता. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आल्या की छाती आवळून येई, आठवड्यात थोडे हलके वाटे, पुन्हा सोमवारी तेच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस रोगाची ही जुनी खूण आहे, आणि तेव्हाच्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. तरी समोरच्या बाजूने चुलीच्या धुराचे कारण पुढे केले. मी संगणकावर बसलो. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात केलेल्या पाहणीसंबंधी त्या काळच्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतले लेख घरबसल्या फुकट मिळाले; ते अंक सार्वजनिक खर्चाने स्कॅन केलेले आहेत. पूर्वी त्यासाठी मुंबईला दोन खेपा झाल्या असत्या. पण मला हवे होते ते अलीकडचे काम: धुळीतून बाहेर पडल्यावरही फुप्फुसाचे नुकसान किती उरते? त्या लेखाचे नाव दिसले, दहा ओळींचा सारांश दिसला, आणि खाली चाळीस डॉलरांची पाटी. असे पाच लेख होते.

एका ओळखीच्या ग्रंथपालांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, खंड असता तर तुमच्यापुढे ठेवला असता. आता माझ्याकडे खंडच नाही. पासवर्ड आहे, आणि तो तुम्हाला देऊ नये असे लिहून दिलेले आहे." सुनावणी एकदा पुढे ढकलावी लागली. शेवटी परगावच्या एका डॉक्टरांनी दोन लेखांतले मुद्दे लिहून दिले. दावा मंजूर झाला, परंतु बाईंचे चार महिने त्यात गेले.

याविरुद्ध कोणी उठलेच नाही असे नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्येच आपल्या क्षेत्रातले निबंध सर्वांना खुले ठेवणारी सोय लॉस अलामोस येथे सुरू केली. आज ती 'अर्काइव्ह' नावाने चालते. २००२ साली बुडापेस्ट येथून खुल्या वाचनाचा जाहीरनामा निघाला. २००८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या पैशावर झालेले निबंध वर्षाच्या आत खुले करण्याचे बंधन घातले. ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने जेस्टोरमधून लाखो लेख उतरवून घेतले. २०११ च्या जानेवारीत त्याला अटक झाली. जेस्टोरने त्याच्याशी मिटवून घेतले होते, सरकारी वकिलांनी खटला सोडला नाही, आणि ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. कायदा मोडला की नाही यावर मतभेद असू शकतील. शिक्षेची भीती अपराधाच्या मानाने अवाढव्य होती याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी अशा प्रती काढणे कायद्यात बसते असे ठरविले. अपिलातही हे तत्त्व टिकले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थ्यांचा हा मोठा विजय. मात्र तो कागदाच्या पुस्तकापुरता उपयोगी पडला. ज्या लेखाचे पान उघडतच नाही त्याची प्रत कशी काढावयाची?

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना चालू झाली आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील मुलीला यापुढे दिल्ली-मुंबईच्या विद्यार्थ्यांइतकेच वाचावयास मिळेल, ही गोष्ट लहान नाही आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. परंतु पहिल्या टप्प्यातल्या यादीत सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था आहेत. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालये त्यात नाहीत. पैसा मात्र सर्वांच्या करातून जातो, वाचनालयाच्या बाकावरच्या माणसाच्याही.

आमच्या वाचनालयात दोन संगणक आहेत. त्यांवर स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरले जातात. त्यांपैकी एकावर ही नियतकालिके उघडावीत, निदान वाचनालयात बसून वाचण्यापुरती तरी, अशी मागणी वाचनालयाने सरकारकडे करावी, असा अर्ज मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. अध्यक्षांनी विचारले, "असे वाचक आहेत तरी किती?" मी फिरून अकरा सह्या गोळा केल्या: दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, सायझिंगमधला एक बॉयलर अटेंडंट, एक वकील, द्राक्षबागायतदार तिघे, युनियनमधले आम्ही दोघे, आणि त्या कार्डिंगवाल्या बाईंचा मुलगा. बैठक पुढच्या महिन्यात आहे.